गेटावरचा चावीवाला

नव्वदच्या सुमारास भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर तो चाव्या बनवायचा. कानशीपेक्षा त्याची जीभ जोरात चालायची: "टेन्शन नाय घ्यायचं साहेब, न उघडणारं कुलूप दुनियेत नाय!" त्याच्याच नादी लागून मी काशीगावजवळच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेलो. बोलायचं नाही, वाचायचं नाही, मधेच घरी जायचं नाही. तो तिथे सेवेकरी. गेटाशी स्टुलावर बसलेला आणि चक्क गप्प!

चौथ्या दिवशी माझा संयम संपला. बॅग उचलून तरातरा गेटाशी गेलो, भांडायच्या तयारीनेच. त्याने पहिल्या दिवशी जमा करून घेतलेलं माझं घड्याळ माझ्या हातावर ठेवलं आणि एका बोटाने गेट ढकललं. सताड उघडलं! कुलूप नव्हतंच. समोर मोकळा रस्ता, आणि आता जावंसंच वाटेना! घड्याळ त्याला परत देऊन मी ध्यानाला जाऊन बसलो.

दहाव्या दिवशी मौन सुटलं तसा तो धावतच आला. "साहेब, पहिल्या वर्षी मी पण पळालेलो! भिंतीवरून उडी मारली, पाय मोडला. गेट उघडंय का, ते बघितलंच नाय!"