फाट्यापासून वीस मिनिटं

यंदा आमच्या ग्रुपने मला वगळलं. भाषा गोड होती. ग्रुपचं सगळं आता बघतो तो माणूस चाळिशीचा, इथेच मिशिगनमधल्या ट्रॉय गावात वाढलेला. त्याचा फोन आला, "काका, धिस इयर इट्स अ फास्ट ग्रुप, यू नो. तुम्ही खाली लॉजमध्ये चिल करा. आम्ही वरून फोटो पाठवतो ना." मी "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणालो आणि फोन ठेवून बायकोवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता. ती आपली तीळ भाजत होती.

हा ग्रुप मी सुरू केलेला. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मिशिगनच्या उत्तरेला मोठा पूल ओलांडून जायचं, बर्फातला एक डोंगर चढायचा, माथ्यावर तिळाचे लाडू वाटायचे आणि उतरायचं. पंधरा-सोळा वर्षं मी सगळ्यांच्या पुढे चाललो. माझी नोकरी ब्रेक टेस्टिंगची, गाडी किती सेकंदांत थांबते ते मोजण्यात आयुष्य गेलं. डोंगरावरही माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. कोण कुठे किती मिनिटं टेकला हे मी लिहून ठेवायचो आणि संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवायचो. लोक खो खो हसायचे. ज्याचं वाचलं जायचं तोही हसायचा, आणि मला वाटायचं त्यालाही मजा येते.

तर मी ठरवलं, ग्रुपच्या एक आठवडा आधी एकट्याने जायचं आणि माथ्यावरून फोटो टाकायचा. बघू देत फास्ट ग्रुपला.

"अहो, अडुसष्ट वर्षांचे आहात," बायको म्हणाली. "गुडघा बदलून वर्ष झालंय. बर्फात पडलात तर कोण उचलणार?"

"मी कुणाला उचलायला बोलावलेलं नाही."

तिने निघताना माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. आत एक डझन तिळाचे लाडू. "येताना ॲन आर्बरला देऊन या," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. आता पुरे."

ॲन आर्बरला माझा मित्र राहतो. पेशाने डॉक्टर, आता रिटायर्ड. आम्ही दोघं या देशात एकाच वर्षी आलो, पहिली थंडी एका खोलीत काढली. एका कोटात आळीपाळीने बाहेर जायचो, हे तो कुणालाही सांगायचा. मला ते सांगितलेलं आवडायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ झाले होते. पार्किंगमध्ये दुसरी एकच गाडी. बुटांना लोखंडी काटे चढवले आणि चालायला लागलो. वाट झाडांवरच्या निळ्या पट्ट्यांवरून ओळखायची. मेपल आणि भूर्जांची उघडी खोडं, मध्येच काळपट हेमलॉक, आणि खाली सगळीकडे बर्फ. अर्ध्या तासात मला कळलं की हा डोंगर मी कधी पाहिलेलाच नव्हता. मी फक्त घड्याळ पाहिलं होतं. आता शंभर पावलं झाली की थांबावं लागत होतं, आणि थांबलं की आजूबाजूला बघण्यावाचून काही काम नव्हतं. मला त्यातून काही शांतता वगैरे मिळाली नाही. राग आला. गुडघ्याचा, त्या फोनचा, आणि तोंडाशी बर्फ धरलेल्या पाण्याच्या बाटलीचा.

पहिला नाला ओलांडून पुढे एका ठिकाणी वाट निसरडी झाली आणि मी कुशीवर आपटलो. पडल्या पडल्या मागे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मागे फक्त पावलांच्या खुणा होत्या. उठायला सहा मिनिटं लागली. सवयीने मोजलीच.

फाट्यावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. ग्रुपबरोबर मी इथे साडेदहाला पोचायचो. एक वाट माथ्याकडे जाते, दुसरी वळसा घेऊन खाली तळ्याकडे. मध्ये लाकडी पाटी आहे. तिच्यावर बर्फ थापलेला होता. त्या दिवशीही होता.

तो दिवस म्हणजे चार वर्षांपूर्वीचा. माझ्या मित्राची बायपास होऊन आठ महिने झाले होते. त्यानंतरचा हा त्याचा पहिला डोंगर. माथ्यावर आपल्या हाताने लाडू वाटायचे असं तो घरून ठरवून आला होता, आणि वहिनींनी त्यासाठी मोठा डबा भरून दिला होता. हे मला ठाऊक होतं, त्यानेच गाडीत सांगितलं होतं. तो दर वळणावर थांबत होता आणि बारा जण त्याच्यासाठी थंडीत उभे राहत होते. माझं गणित बिघडत होतं. त्या वर्षी मला आमचा सगळ्यात कमी वेळ गाठायचा होता. इतकंच कारण. आता लिहिताना लाज वाटते, पण दुसरं कारण नाही.

फाट्यावर तो धापा टाकत आला आणि विचारलं, "किती राहिलं रे?"

मी पाटीकडे गेलो आणि हातमोज्याने वरचा अर्धा भाग पुसला. डोंगराचं नाव दिसलं. खालचा अंतराचा भाग मी तसाच ठेवला.

"अजून दीड तास," मी म्हणालो. "सगळा उभा चढ. तुझ्या भल्यासाठी सांगतोय, खाली जा. गाडीत बस, हीटर लाव."

सगळे ऐकत होते. अंतर आणि वेळ दरवर्षी मी एकटाच बघायचो, बाकीचे नुसते मागून यायचे, त्यामुळे सगळ्यांनी ते खरं धरलं. तो पाटीकडे बघत राहिला. मग त्याने सॅकमधून डबा काढून माझ्याकडे दिला. "तू वाट," म्हणाला.

मी वाटले. आम्ही बारा जणांनी वर तो डबा फस्त केला. डबा उंच धरून माझा फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. खाली आलो तर त्याने तिन्ही गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडून ठेवला होता, आणि सोबत दिलेल्या किल्ल्यांनी गाड्या गरम करून ठेवल्या होत्या. मी त्याच्या हातात डबा दिला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, घरात काही नसलं तरी निदान चिमूटभर साखर घालतात. त्याने झाकण उघडून बघितलं आणि लावून टाकलं. त्याच्यासाठी एक लाडू ठेवायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.

त्यानंतर तो आला नाही. त्याचं हृदय पुढे थकतच गेलं, आणि आता त्याला घरातला जिना चढायलाही मनाई आहे. म्हणजे तो डोंगर त्याचा पहिला नव्हता, शेवटचा होता.

मी पाटी पूर्ण पुसली. शून्य पूर्णांक चार मैल. मी ते कधीच विसरलो नव्हतो, तरी पुसून वाचलं.

वरून एक तरुण बाई उतरत आली, गाल लाल झालेले. मला बघून हसली. "ऑलमोस्ट देअर! ट्वेंटी मिनिट्स!" इथे डोंगरावर भेटणारा प्रत्येक माणूस दमलेल्याला हेच सांगतो, खरं असो की नसो. मी थँक्यू म्हणालो आणि ती गेल्यावर पाटीला टेकून रडलो. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठतं, त्यामुळे ते जास्त वेळ करता येत नाही.

वर जायला पन्नास मिनिटं लागली. माथ्यावर वारा होता, लांबवर सुपीरियर सरोवराचं करडं पाणी आणि काठाशी बर्फ. फोन काढला, आणि ग्रुपला फोटो टाकायची इच्छाच झाली नाही. डबा न उघडता तसाच खाली आणला. गाडी पांढरी झाली होती. काचा खरवडायला मी एकटा होतो.

रात्र मोटेलमध्ये काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ॲन आर्बरला त्याच्या दारात उभा राहिलो. वाटेत पाच तास मी एकच वाक्य घोकत होतो.

वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, भावजी! या ना आत."

"कोण आहे?" आतून त्याचा आवाज आला. मग तो स्वतः आला, भिंतीला धरून. पाय सुजलेले. त्याच्या मागे, जिथे जेवणाचं टेबल असायचं, तिथे आता पलंग होता.

"काल वर गेलो होतो," मी म्हणालो. "एकटाच."

"पोचलास?"

"हो."

"फाट्यापासून किती लागली?"

"पन्नास मिनिटं. अरे, त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ना, ते खोटं—"

"त्या दिवशी तुम्हाला वीस लागली," तो शांतपणे म्हणाला. "तुझा फोटो आला तेव्हा मी खालच्या नाल्यापर्यंतसुद्धा आलो नव्हतो. तो बघून परत वर यायला फिरलो होतो मी. दहा-बारा पावलं चाललोही. मग म्हटलं नको. संध्याकाळी तू वाचून दाखवशील आणि सगळे हसतील."

मी डबा पुढे केला. त्याने घेतला, वहिनींकडे दिला.

"बाहेर किती थंडी आहे, आत तर येऊ देत त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"नको, त्याला घाई असते," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी माझ्याच आवाजात, "गाडीत बस, हीटर लाव. ही डबा आणून देईल."

मी गाडीत बसलो. हीटर लावला. दहा मिनिटांनी वहिनी कोट न घालताच ड्राइव्हवेवर आल्या, खिडकीतून डबा दिला आणि मान खाली घालून परत गेल्या. पहिल्या स्टॉप साइनला मी तो उघडला. वहिनी आहेत, चिमूटभर साखर तरी असेल, असं मला वाटलं होतं. डबा धुऊन, आतून पुसून अगदी कोरडा केलेला होता.