शेवंतीतला पाहुणा

सोलापुरात माझ्या रोजच्या बसथांब्याजवळ एक फुलवाली बसते. नाव कधी विचारलं नाही. ती रस्त्याकडं बघत हार ओवते. बेफिकीर बाई, असं मला वाटायचं.

परवा माझा हार ओवता ओवता तिची सुई अचानक थांबली. बोटांत शेवंतीसारखाच पांढरा-हिरवा किडा होता, पुढचे पाय जोडून बसलेला. सुई त्याच्या पोटाला टेकलेली.

"न बघता कसं कळलं, मावशी?"

"फूल कवा बोट धरतंय व्हय?"

तिनं त्याला टोपलीत सोडलं. तो दोन पावलं डुलत गेला आणि पुन्हा फूल झाला.

"ऱ्हाऊ दे. माशा खातोय की."

घरी हार देवाला घालण्याआधी मी एकेका फुलाला बोट लावून पाहिलं. कुणीच ते धरलं नाही, तेव्हा जिवात जीव आला.