जुईचं औषध

नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही हे. तुम्हाला सांगतेय, का ते मात्र विचारू नका.

तेव्हा आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. मला नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती, म्हणून माझ्या मोठ्या नणंदबाई, प्रमिलाताई, नागपूरहून आमच्याकडे आल्या. एकट्याच होत्या. तिकडची लॅबमधली नोकरी सोडून आल्या – माझ्या जुईसाठी. आणि मी? मी त्यांच्यावर पाळत ठेवायचे. जुई झोपेत ‘आत्या’ म्हणायची, ‘आई’ नाही. हे सहज होत असेल? की कोणी शिकवत असेल?

जुई चार वर्षांची. सारखी छाती भरायची, ताप, पुन्हा अँटिबायोटिक. ताईंनीच एक डॉक्टर शोधले. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या – छातीचा आजार करणारे जंतू मारून काढलेला त्यांचाच अर्क. शरीराला शत्रूची ओळख झाली की ते लढायला शिकतं, म्हणाले. ताई हरखल्या. माझ्या डोक्यात एकच – जंतू? माझ्या पोरीच्या पोटात? आणि ताईंना एवढी घाई कसली? लॅबची सवय – प्रयोग करायचाय का हिच्यावर?

डॉक्टरांना विचारता आलं असतं. सरळ नको म्हणता आलं असतं. मी काय केलं? ‘‘राहू द्या ताई, मी देत जाईन,’’ म्हणाले. आणि रोज सकाळी कॅप्सूल उघडून बेसिनमध्ये ओतली. वरून नळ सोडला.

थंडीत जुईला न्यूमोनिया झाला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नवरा ताईंवर ओरडला, ‘‘जंतू चारून झालं ना समाधान? घराची प्रयोगशाळा केलीस!’’

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी – मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

जुई बरी होऊन घरी आली, तोवर ताई नागपूरला निघून गेल्या होत्या. मला हलकं वाटलं. हो, हलकंच वाटलं.

त्या औषधानं न्यूमोनिया टळला असता? कोण जाणे. नसताही टळला. पण ते दिलं होतं, असं सगळ्यांना वाटत राहिलं – आणि मी वाटू दिलं.

पुढे जुईच्या लग्नाला ताई आल्या. निघताना, हॉलच्या दारात चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, ‘‘वैशाली, त्या कॅप्सूल रोज दिल्या होत्यास ना गं?’’

आसपास कोणी नव्हतं. आता तर कसला संशयही उरला नव्हता मला. तरी –

‘‘हो ताई. रोज.’’

‘‘मग चुकलंच माझं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणखी एखाद्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं मी.’’ माझ्या गालावरून हात फिरवला, आणि रिक्षात बसल्या.