नवस नव्हता

त्सेहायतूच्या तोंडाला अस्मरा शहरातली ती आख्खी गल्ली टरकून असायची. बाजारात मिरचीची पूड विकायची अन् बोलायचीही तसंच. मऊ व्हायची ती फक्त पोरीच्या उपासापुढं. अझिएब सायकलच्या शर्यती मारायची. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात दूधदुभतं, मांस बंद, दुपारपर्यंत पोटात काही नाही, तरी घाट चढायची. "माझी पोर सायकलवरून देवाला भेटून येते," असं त्सेहायतू गिऱ्हाइकांना ऐकवायची.

सण आला, घरात कोंबडी शिजली. अझिएब म्हणाली, "आई, माझा नवस आहे. उपास पुढंही धरणार."

नवस म्हटल्यावर कोण बोलतंय? उपास धरणाऱ्याच्या ताटात डोकवायची तिथं रीत नाही. पाद्रीबाबांनी उलट पाठ थोपटली.

मग एके दिवशी नेफासितच्या चढावर, न पडता, न धडकता, नुसतं पायडल मारता मारता पोरीच्या खुब्याचं हाड तडकलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

अझिएब भिंतीकडं बघत म्हणाली, "वर्ष झालं."

"पोटाला पुरेसं अन्न नसलं की पाळी जाते अन् हाडं ठिसूळ होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं, असला कसला नवस?" त्सेहायतू ओरडली.

"नवस नव्हताच, आई. सायकल शिकवणारे मास्तर दर शनिवारी वजनकाट्यावर उभं करतात, सगळ्यांसमोर आकडा वाचतात. उपास म्हटलं की तू जेवायचा आग्रह करत नव्हतीस."

त्सेहायतूला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. किती मिरवलं होतं तिनं!

रविवारी तेकेस्ते मास्तर संत्री घेऊन घरी आले. तिनं रिवाजाप्रमाणं कॉफीचा पहिला कप दिला. कॉफी तीनदा होते, तिसरा कप आशीर्वादाचा. त्याआधी पाहुण्यानं उठू नये, त्याला उठवू नये.

"मावशी, वाईटातलं चांगलं बघा," मास्तर फुरका मारत म्हणाले. "पडून राहिली की आणखी दोन किलो झडतील. मग घाटात पाखरासारखी उडेल बघा."

त्सेहायतूनं उकळती सुरई निखाऱ्यांवरून उचलली अन् सगळी कॉफी दारातल्या मातीत ओतली.

"पाखरूसुद्धा दाणे टिपून उडतं रे, मुडद्या! ऊठ."

"अहो, अजून दोन कप..."

"आशीर्वाद पाहिजे? माझ्या घरात मिळायचा नाही. ती संत्री उचल आधी!"

मास्तर गेले. तिनं आंबोळीचा तुकडा मटणाच्या रश्श्यात बुडवला अन् खाटेवरच्या पोरीच्या तोंडासमोर धरला.

"आई, भूकच लागत नाही आता."

"तुला विचारलं का?"

अझिएबनं ओठ घट्ट मिटले. आईच्या बोटांवरून रस्सा चादरीवर ठिपकत होता. बऱ्याच वेळानं पोरीनं तोंड उघडलं.

"चाव. गीळ," त्सेहायतू म्हणाली. "अन् परत मधे देवाला आणलंस तर बघ, थोबाड फोडीन."