ओळखा पाहू, कोणाची सिरियल

वैजयंती खंडव्याहून फोनवर म्हणाली, "सांगा मावशी, आता काय बिघडतंय?" तेव्हाच मी हे तोंड उघडलंय. एरवी या तोंडाला मी कुलूप घातलेलं आहे. घालायला उशीर झाला, ती गोष्ट वेगळी.

मी सुलभा. बुऱ्हाणपुरात लालबागला मालतीताईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, तिथे अकरा वर्षं झाली हूक-काज आणि तुरपाई करते. मालतीताई म्हणजे साठीला टेकलेली, दहावी शिकलेली, कमी बोलणारी बाई. गळा असा कापायची की घालणारीला मागे वळून आरशात बघावंच लागायचं. पण बायका नुसत्या गळ्यासाठी यायच्या नाहीत. त्या यायच्या, "ताई, ती तर संपली हो, आता कोणती बघू?" हे विचारायला.

करोनाच्या वर्षी ब्लाउज कोण शिवणार? दुकान बंद, बाई रिकामी. तेव्हा तिला मोबाइलवर त्या परदेशी सिरियलींचा नाद लागला. कोरियाच्या, चीनच्या, जपानच्या, थायलंडच्या, सगळ्या हिंदीत डब केलेल्या. दुकान उघडलं तरी नाद सुटला नाही. तेलाच्या डबीला मोबाइल टेकवायचा, कानाने ऐकत शिवायचं आणि पायडल थांबलं की तेवढं बघायचं. आम्ही सगळ्यांना सरसकट 'चिनी' म्हणायचो, तर ती भडकायची. "ही कोरियाची आहे. डोळे उघडे ठेवून बघत जा गं जरा!" नावं तर आमच्या जिभेवर बसायचीच नाहीत. मग आम्हीच बारशी केली. भातवाली, छत्रीवाला, दोन भाऊ एक दुकान, मुकी राणी. त्याच नावांनी कारभार चालायचा.

आता सिरियल सांगणं यात काय मोठं, असं वाटेल. मोबाइलसुद्धा सांगतो. दवाखान्याची एक बघितली की दहा दवाखाने समोर आणून टाकतो. मालतीताईंचं तसं नव्हतं. ती गोष्ट विचारायचीच नाही. विचारायची, "कुठे थांबवून परत मागे नेलीस?"

आमच्या गल्लीतल्या उषाबाईंनी डॉक्टरणीची एक बघितली आणि तशीच दुसरी मागायला आल्या. मालतीताईंनी विचारलं, "मागे कुठे नेलीत?" उषाबाई लाजल्या. "ते हो, डॉक्टरीण थकून घरी येते आणि आईने ताट झाकून ठेवलेलं असतं, तिथे." मालतीताईंनी त्यांना थायलंडची एक सांगितली, बहीण-भाऊ नूडल्सची गाडी लावतात ती. डॉक्टर औषधालाही नाही. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक! तीन दिवसांनी उषाबाई सुजलेले डोळे घेऊन हजर. "दवाखाना नाही, काही नाही, पण तेच आहे व माय!"

"गोष्ट सारखी घेऊन काय करायचं?" मालतीताई म्हणायची. "पोटात जिथे कालवतं, तिथेच कालवायला पाहिजे."

आणि एक नियम होता तिचा. "कोणाची कंबर किती वाढली, हे आपण बाहेर सांगतो का? मग कोणाला कोणती सिरियल लागते, हेही सांगायचं नाही. तेही मापच आहे." मी मान डोलवायची. मान डोलवायला काय जातं!

वैजयंती ही सोजरबाईंची सून. माहेर देडतलाईचं, बारावी सायन्स, वय बावीस. नवरा जीवन. त्यांची केळी दापोऱ्याला, राहतं घर इथे दोन गल्ल्या सोडून. पहिल्यांदा आली ती राजवाड्याची एक सिरियल बघून. मालतीताईंनी नेहमीचं विचारलं. पोरीने राणीचं नाव काढलं नाही की राजाचं नाही. म्हणाली, "एक दासी असते ना, ती गाठोडं घेऊन वाड्याबाहेर पडते आणि मागे दरवाजा लागतो. दोनच मिनिटांचं आहे ते." मालतीताईंनी तिला जपानची एक दिली, मुलगी बर्फाच्या गावात सुतारकाम शिकायला जाते ती. पंधरा दिवसांत परत हजर. अजून अशीच पाहिजे. मग दुसरी दिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, शेवटी रडून घरी परत येते, तसली नको."

मालतीताईंनी कात्री खाली ठेवली. "कशाचा फॉर्म भरलायस का तू?"

पोरगी रडायलाच लागली. नर्सिंगचा भरला होता, खंडव्याचा. यादीत नंबरही लागला होता. घरी कोणाला पत्ता नाही. कागद तपासून घ्यायची तारीख कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी होती. जीवनला आदल्या दिवशी सांगायचं, तो भला माणूस आहे, आईसमोर बोलत नाही पण अडवणारही नाही, असा तिचा हिशेब. घरी फोन वाजायला नको म्हणून फॉर्मवरचा मोबाइल नंबर मालतीताईंनी बदलून आपला द्यायला लावला. हे सगळं माझ्यासमोर बोलणं झालं. माझ्या तोंडात सुई होती. मालतीताई माझ्याकडे बघून म्हणाली, "सुलभा, ती सुई तोंडातच राहू दे."

मला राग आला होता. अकरा वर्षं माझ्यावर भरवसा नाही का, असं वाटलं. आता वाटतं, बाईने मलाही बरोबर ओळखलं होतं.

आमच्याकडे भुलाबाई बसते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरीबाळी रोज संध्याकाळी गाणी म्हणतात, मग खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि सांगायचं, लाडू की चिवडा, गोड की तिखट. जी ओळखेल तिला पहिला द्रोण. त्या वर्षी शेवटच्या दिवशी आमच्या गल्लीत पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. मालतीताई आली नव्हती, दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. वैजयंती घरी कोजागिरीचं दूध आटवत होती. सोजरबाई मात्र पुढेच बसल्या होत्या.

डबा माझ्या हातात होता. उषाबाई म्हणाल्या, "मालतीताई नाहीत, आता आम्हाला पुढची सिरियल कोण सांगणार?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "का हो, मी काय नुसते हूकच लावते?" अकरा वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी फुगले. म्हटलं, "खाऊ राहू द्या बाजूला. मी सिरियल सांगते, तुम्ही बाई ओळखा. ओळखा पाहू, कोणाची सिरियल!"

पहिली सोपी टाकली, रोज एकदा रडल्याशिवाय जिला झोप येत नाही तिची. ओळखली. दुसरी, जिला दर सिरियलीत एक दुष्ट सासू लागते तिची. ओळखली, आणि काय हशा झाला! पोरी उड्या मारायला लागल्या, अजून एक, अजून एक. मी विचार केला, आपण नाव थोडंच घेतोय? नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलं नाही. असा विचार मी खरंच केला, खोटं का बोलू. आणि म्हटलं, "एक जण आहे, जिला घर सोडून शिकायला जाणारीच पाहिजे. नोकरी करणारी. आणि बरं का, परत येणारी चालतच नाही!"

सगळ्या विचारात पडल्या. सोजरबाई म्हणाल्या, "ही तर आमची वैजू. कानात वायरी घालून तेच बघत असते."

नाही म्हणायला काय झालं होतं मला? दुसरं कोणतंही नाव घेता आलं असतं. पण खेळाची धुंदी अशी की मी ओरडले, "एकदम बराबर!" आणि डब्याचं झाकण काढून शेवचिवड्याचा पहिला द्रोण मीच माझ्या हाताने सोजरबाईंच्या हातात ठेवला.

त्या हसल्या. चिवडा खाल्ला. घरी गेल्या आणि सुनेची पेटी उघडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई दुकानात आल्या. नर्सिंगचे कागद सापडले होते. वैजयंतीला दापोऱ्याला शेतावरच्या घरी पाठवलं होतं, मोबाइल काढून घेतला होता. "मी काय राक्षसीण आहे?" त्या मालतीताईंवर कडाडल्या. "एकुलती एक सून. केळीच्या कामाला बाई मिळत नाही, आणि हिने खंडव्याला जाऊन लोकांच्या जखमा बांधायच्या? आणि तुमचा नंबर का फॉर्मवर? सिरियली दाखवून पोरीचं डोकं तुम्ही फिरवलं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही सुलभा तेवढी सरळ बाई. हिच्यामुळे कळलं मला. देव भलं करो हिचं."

जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं म्हणतात, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. सोजरबाई गेल्या. मग मालतीताई म्हणाली, "सुलभा, चहा टाक."

मी चहा टाकला. शिव्या दिल्या असत्या, कामावरून काढलं असतं तर बरं वाटलं असतं. मी रडत म्हटलं, "ताई, काही तरी बोला ना." ती म्हणाली, "बोलून तारीख थांबणार आहे का?" तारीख थांबली नाही. पाचवा दिवस आला आणि गेला. मालतीताईंच्या मोबाइलवर दोनदा फोन आला. खंडव्याहून विचारत होते, उमेदवार आल्या नाहीत का? ती "नाही येऊ शकत" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतर तिने कोणालाच सिरियल सांगितली नाही. बायका विचारायच्या, तर म्हणायची, "लागेल ती बघा, सगळ्या सारख्याच." सारख्या! जी बाई एका थांबवलेल्या जागेवरून माणूस ओळखायची, ती हे बोलायची, आणि मी समोर बसून हूक लावायची. बायका हळूहळू ब्लाउज टाकून निघून जायला लागल्या, बसेनाशा झाल्या. दुकानात नुसता मशीनचा आवाज. ते माझं कर्म होतं.

पुढच्या वैशाखात एका दुपारी वैजयंती आली. मालतीताई लेस आणायला बाजारात गेली होती. पोरगी वाळली होती, काळवंडली होती. आत डोकावून म्हणाली, "त्या नाहीत ना? बरं झालं."

"कोण, ताई?"

"घरी म्हणाले, सिलाईच्या दुकानातून कळलं. म्हणजे त्यांनीच सांगितलं ना. मी त्यांना आईसारखं मानलं होतं मावशी, तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही." ती माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला. "तुम्ही तेव्हा समोर होतात, पण तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. म्हणून तुमच्याकडे आले. मी परत फॉर्म भरतेय. आता जीवनलाही माहीत आहे. फक्त आईंना कळायला नको. फॉर्मवर मोबाइल नंबर तुमचा देऊ?"

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? मालतीताई तर मरेपर्यंत बोलली नसती. पण माझा हात तिच्या हातात होता, आणि तो मला तिथे ठेववेना. मी तो काढून घेतला आणि सगळं सांगितलं. भुलाबाई, खेळ, पहिला द्रोण, सगळं. म्हटलं, "ताईने एक अक्षर कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं. नंबर तिचाच दे."

ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "म्हणजे आता मी परत तुम्हालाच सांगून बसले."

आणि उठून ती माझ्या पाया पडली. नमस्कारासाठी वाकतात तसं नाही, दोन्ही हातांनी पाय धरून. "मावशी, या वेळी नका सांगू कोणाला. हात जोडते तुमच्यासमोर."

जिचं मी वाटोळं केलं, ती माझे पाय धरून बसली होती. मी तिला उठवलं, देवाची शपथ घेतली, मेलेल्या आईची घेतली, "नाही सांगणार पोरी, नाही सांगणार" म्हटलं. तिने मान हलवली, पदर सारखा केला आणि निघाली. माझा एक शब्दही तिला खरा वाटला नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.