यादीतली पहिली बोअर

नदी परत आल्याला पाच वर्षं झाली, म्हणून आमच्या खोरे कार्यालयाने एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि त्यात गिरमिटवर दोनशे शब्द लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहून दिले. निःस्पृह, निर्भीड, अफाट स्मरणशक्ती, सगळं घातलं. साहेब खूश झाले. पण त्या माणसाबरोबर मी अडीच वर्षं एका टेबलावर चहा प्यायलेय, आणि जे दोनशे शब्दांत बसलं नाही तेच त्याचं आयुष्य होतं. ते इथे लिहिते. त्यात माझाही भाग आहे. तो सांगायची हौस नाही, पण तो गाळला तर हीसुद्धा पुस्तिकाच होईल.

गिरमिट बोअर मारायचा. सव्वीस वर्षं त्याची गाडी या खोऱ्यात जमिनीला भोकं पाडत फिरली, म्हणून लोकांनी नाव ठेवलं गिरमिट. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. उंच, हाडकुळा, आणि गाडीच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेला, त्यामुळे त्याची कुजबूजसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जायची. लिहिण्यावाचण्याशी त्याचं फारसं जमलं नाही, पण कुठली बोअर कुठे आहे, किती फूट आहे, मुरूम कुठे संपला, कातळ कुठे लागला, पाणी किती फुटांवर लागलं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. रस्त्याने चालता चालता थांबायचा, टाच आपटायचा आणि म्हणायचा, "ही पाचशे वीस. कोरडी गेली. मालक रडला होता." मालक तेव्हा शेजारी उभा असला तरी म्हणायचा. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

लोकांना वाटतं नदी वरून आटते. आमची खालून आटली. दोनशे फुटांखाली जायला बंदी होती, तरी जो तो लपूनछपून सहाशे-सातशे फूट खाली गेला, आणि नदीच्या पोटातलं पाणी गोठ्यामागच्या, मोरीशेजारच्या, कोंबड्यांच्या खुराड्याखालच्या भोकांतून वर येऊन संपलं. नऊ वर्षं पात्रात पोरं क्रिकेट खेळली. त्या भोकांपैकी साडेतीनशेच्या वर एकट्या गिरमिटची. नदी मारणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा होता, आणि तिला वाचवायची वेळ आली तेव्हा कार्यालयाला त्याचीच गरज पडली. योजना साधी होती. वर बांध घालायचे, पावसाचं पाणी मुरवायचं, आणि नदीकाठच्या पट्ट्यातल्या खोल बोअरी बुजवायच्या. पण बोअरी कुठे आहेत हे सांगणार कोण? नोंद झालेल्या होत्या अठ्ठावीस. तेव्हा गाडी भंगारात गेलेल्या गिरमिटला 'माहीतगार' म्हणून नेमलं आणि माझ्या टेबलासमोर खुर्ची दिली. तो सांगणार, मी टंकणार.

पहिल्याच दिवशी साहेब येऊन त्याच्यासमोर बसले आणि हसत म्हणाले, "दुसऱ्यांच्या सगळे सांगतात हो. तुमच्या घरातली एखादी सांगा, मग विश्वास बसेल."

हे गमतीत होतं. शहाणा माणूस हसून चहा मागवतो. पण आमच्या गिरमिटची जात वेगळी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "घ्या," तो म्हणाला. "माझ्या सख्ख्या बहिणीची. रोपवाटिकेत, शेडमध्ये, कुंड्या भरायच्या टेबलाखाली. सहाशे चाळीस फूट. चारशे दहाला पाणी लागलं, पण मी थांबलो नाही. म्हटलं, बाईला जन्माला पुरलं पाहिजे." आणि खुर्चीत मागे रेलून त्याने माझ्याकडे पाहिलं, लिहिताय ना अशा नजरेने. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "एक नंबर," ते म्हणाले. मी एक नंबरवर ती बोअर लिहिली.

बहिणीला सगळे धाकटी म्हणत. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलींची लग्नं करून मोकळी झालेली, तरी धाकटीच. नवरा गेला तेव्हा मुली तीन आणि पाच वर्षांच्या होत्या. गिरमिटने कामं सोडून तीन दिवस गाडी तिच्याकडे उभी केली आणि ती बोअर मारली. त्यावर तिने बारा हजार रोपांची वाटिका उभारली. गिरमिटने लग्न केलं नाही. एकोणीस वर्षं दुपारचं जेवण धाकटीकडे, त्याच शेडमध्ये, त्याच टेबलाच्या कडेला. या भावाबहिणीत भांडण म्हणजे एवढंच, की तो जेवताना फार मोठ्याने बोलतो.

तिसऱ्या दिवशी वरून नियम आला. ज्याने बोअर स्वतःहून कळवली, त्याची बुजवायची पण त्याला साठवण टाकीवरून कायमचं कनेक्शन द्यायचं. ज्याची कार्यालयाला 'सापडली', त्याची बुजवायची आणि काही द्यायचं नाही. मुदत तीस दिवस. यादीत आधी नाव आलं असेल तर ती सापडलेलीच धरायची.

धाकटी चौथ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दारात उभी होती. फॉर्म नीट भरलेला, सोबत जागेचा नकाशा. मी यादी काढून तिला पहिली ओळ दाखवली. तिने ती दोनदा वाचली.

"हे कोणी सांगितलं?"

मी यादी परत फायलीत घातली.

"सहाशे चाळीस फूट हे फक्त दोघांनाच माहीत आहे," ती म्हणाली, आणि फॉर्म घडी घालून परत पर्समध्ये ठेवला.

आता माझा भाग. पहिल्या दिवशी गिरमिटने अकरा बोअरी सांगितल्या. सातवी माझ्या सासऱ्यांची होती. मी दहाच टंकल्या. तेव्हा नियम आला नव्हता, मला काही ठाऊक नव्हतं, नुसती भीती वाटली आणि बोट पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी गिरमिटने यादी वाचून घेतली आणि म्हणाला, "बाई, सातवी राहिली." मी म्हटलं, "टाकते," आणि त्याच्यासाठी चहा सांगितला, साखर जास्त. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, चहा प्यायला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. नियम आला त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी फॉर्म भरला. स्वतःहून कळवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं आहे. साहेबांनी त्यांचा सत्कारही केला.

म्हणजे गिरमिट गप्प बसू शकत होता. हे ध्यानात ठेवा, कारण तो खोटं बोलत नाही असं पुस्तिकेत छापलंय. तो चारचौघांत खोटं बोलत नसे. एवढंच.

धाकटीने यादीवर हरकतीचा अर्ज केला आणि सुनावणी लागली. साहेबांनाही ते लागलं होतं. त्यांच्या थट्टेपायी बाईचं पाणी चाललं होतं, आणि शिवाय नदीकाठी लावायला पुढे रोपं लागणार होती. आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्याला समजावून सांगा. उद्या मी एकच प्रश्न विचारणार, बहिणीने तुम्हाला कळवायला सांगितलं होतं का. त्याने हो म्हणायचं. बहिणीने भावाला सांगितलं, भावाने आम्हाला सांगितलं, म्हणजे तिनेच कळवलं. संपलं."

मी गिरमिटला सांगितलं. एवढा मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्याचा आवाज खाली आला. "नुसतं हो म्हणायचं?"

"नुसतं हो."

"म्हणतो की," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. धाकटी दहा दिवस त्याच्याशी बोलली नव्हती, जेवण मात्र पुढ्यात ठेवत होती. "हो म्हणायला काय जातंय बाई. ती माझी लेकच आहे." त्या दिवशी मला तो माणूस फार आवडला, हे मी कबूल करते.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. आम्ही पाच-दहा माणसं धरली होती, आली चाळीसेक, आणि बहुतेक ज्यांच्या बोअरी गिरमिटने दाखवल्या ती. ती माणसं न्याय बघायला आली नव्हती. पुढच्या बाकावर धाकटी, इस्त्रीची साडी नेसून. तिला काय ठरलंय ते माझ्याकडून कळलं होतं. गिरमिट उभा राहिला. साहेबांनी प्रश्न विचारला, अगदी तोंडात घास भरवल्यासारखा: "बहिणीनेच तुम्हाला आम्हाला कळवायला सांगितलं होतं, बरोबर?"

गिरमिटने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "बघा आता. घरची आली की गिरमिट कसं उलटं फिरतंय."

हॉल हसला. फार नाही, दोन क्षण. गिरमिटने मागे वळून त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. या प्रत्येकाच्या दारात त्याने टाच आपटून आकडा सांगितला होता आणि आकडा खरा निघाला होता. त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. गाडी भंगारात, घर भाड्याचं, बायको नाही, पोर नाही. होता तो शब्द. मला हे आज कळतं, आणि कळून राग जरासुद्धा कमी होत नाही.

"नाही," तो म्हणाला. त्याच्या त्या रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात. "तिनं मला काही सांगितलं नव्हतं. तिला पत्तासुद्धा नव्हता. मी माझ्या मनानं सांगितलं. सहाशे चाळीस फूट, चारशे दहाला पाणी. गिरमिटनं सांगितलेली बोअर कधी खोटी निघाली असेल तर दाखवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या खरेपणाला नव्हे. धाकटीसुद्धा आता त्यांच्याच रांगेत आली, याला. तो मात्र टाळ्या आपल्यासाठी आहेत असं समजून ताठ उभा राहिला, आणि मग त्याने पुढच्या बाकाकडे पाहिलं. साहेब खाली मान घालून सही करत होते. मी सगळं शब्दशः लिहून घेतलं. मीही उठून म्हणू शकले असते, की त्याच दिवशी सांगितलेली सातवी बोअर यादीत नाही, ती कुठे गेली ते विचारा. तेवढं बोलले असते तर सगळी यादीच रद्द झाली असती. मी पेन बदललं, कारण पहिल्याची शाई संपत आली होती.

बोअर बुजवायला गिरमिटच गेला. दुसरा कोणी असता तरी चाललं असतं, पण खोली त्यालाच माहीत, म्हणून कामाचा मुकादम तोच. मी पंचनाम्यासाठी होते. टेबल बाजूला केलं, मोटर आणि पाइप उपसून काढले. दीड ब्रास खडी आणि चिकणमाती लागेल असं त्याने सांगितलं, तेवढीच लागली. वर सिमेंट. तीन मजूर पाट्या ओतत होते आणि तो दोर सोडून किती भरलं ते मोजत होता. धाकटी शेडच्या दारात उभी राहून बघत होती.

दुपारी तिने मजुरांना ताटं वाढली. मला वाढलं. गिरमिट हात धुऊन नेहमीच्या जागी, टेबलाच्या कडेला येऊन बसला. ती पाणी घेऊन आली, सगळ्यांना दिलं आणि आत गेली. परत आली नाही. एका मजुराला राहवेना, त्याने आपल्यातलं अर्धं काढून ताट गिरमिटकडे सरकवलं. धाकटी आतून बघत असावी. ती बाहेर आली, ताट उचललं आणि मजुरापुढे परत ठेवलं. "हे तुला वाढलंय," ती म्हणाली. "तू जेव." मी जेवले. खोटं कशाला सांगू, सगळं संपवलं.

रोपांनी अकरा दिवस काढले. ती सार्वजनिक नळावरून कॅन वाहून आणायची, पण बारा हजार पिशव्यांना कॅन कुठे पुरणार? पुढच्या वर्षी नदीकाठच्या लागवडीला हवी होती तीच रोपं तिच्याकडे वाळून गेली होती. कार्यालयाने ती दुसरीकडून ट्रकने आणली, आणि खड्डे खणायला रोजावर बायका घेतल्या. बाधितांना प्राधान्य होतं, म्हणून धाकटीला लगेच काम मिळालं. कागदावर ही मदतच आहे.

आणि नदी आली. ते खोटं नाही. दुसऱ्या पावसानंतर आली ती हिवाळा संपला तरी होती, उथळ, गढूळ, पण वाहती. लोक येऊन नुसते बघत उभे राहायचे. आमच्या घरी टाकीचं पाणी दोन वेळ येतं, सासरे अंगणात सडा मारतात.

गिरमिटचं काम तोवर संपलं होतं. बोअरी उरल्या नाहीत, तर माहीतगार कशाला हवा? तो रोज नदीवर यायचा आणि लागवड चालली असेल तिथे, धाकटीपासून दहा-पंधरा पावलांवर बांधावर बसायचा. ती खणत राहायची. एक दिवस त्याला राहवलं नाही. "धाकटे, इथं कातळ वर आहे," तो ओरडून म्हणाला. "दोन हात डावीकडे घे." तिने वर पाहिलं नाही. तिथेच खणत राहिली, आणि फुटाभरावर पहार कातळावर वाजली, तरी तिथेच खणत राहिली.

कामावर नवीन आलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "मावशी, हा म्हातारा कोण? ओळखीचा आहे का?"

"बोअरी बुजवतो," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे आला होता एकदा."

तिने हे काही हळू आवाजात सांगितलं नाही. मी हजेरीचा कागद घेऊन मध्ये उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं, म्हणजे त्यालाही आलंच असणार. तो तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, त्याच जागी बसला. फक्त त्यानंतर मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही.