रुमालाखालची तीन बोटं

सिंगापुरात मला दोन डॉक्टरांनी फसवलं. एक डोळ्यांचा, एक कान-नाकाचा. दोघांनीही माझ्या वीस वर्षांच्या मुलीबद्दल 'सगळं व्यवस्थित' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. मी इथल्या आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यासाठी सुटे भाग खरेदी करतो. माझ्या धंद्यात सही म्हणजे सही.

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात. जितकी बोटं दाबली तितका आकडा. मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला हे शिकवलं. इथल्या बाजारात मी रुमालाखाली तिची बोटं दाबायचो आणि ती गोड चेहऱ्याने भाजीवाल्याला आकडा सांगायची. लहान मुलीला नाही म्हणणं लोकांना जड जातं. माल पसंत पडला की मलाच म्हणायची, "घ्या ना, बाबा." ती कधी चुकली नाही. पॉलिटेक्निकला गेली तरी आमचा खेळ चालूच होता.

गेल्या वर्षी ती चुकायला लागली. पंखा घेताना मी तीन बोटं दाबली. ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा दाबली.

"पाच," ती म्हणाली. दुकानदार हसला.

बाहेर येऊन मी ओरडलो, "मुद्दाम करतेस! चारचौघांत बापाचं नाक कापतेस!"

"तुम्ही नीट दाबलंच नाही लाह," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. "आणि असं बघू नका, बाबा. तुमचा चेहरा एकदम दिसत नाही. आधी दात दिसतात, मग डोळे."

मला वाटलं, माझ्याच विद्येने मला झुलवतेय.

मग एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर ती वरच थांबायला लागली. कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा ते ठरेना, आणि मागे माणसं तुंबायची. एका सकाळी दूध करपलं. बायको हॉलमधून धावत आली. मुलगी शेगडीजवळच बसली होती.

"अगं, वास येत नाही का तुला?"

"कसला?"

म्हणून तर ते दोन डॉक्टर. त्यांचे कागद मी जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे आपटले. "आता बोल!"

तिने दोन्ही कागद बराच वेळ वाचले. मग हळूच विचारलं, "मग हे कोण करतंय?"

बायको म्हणाली, "अहो, अजून कुणाला तरी दाखवू या."

"कशाला? दोन-दोन सह्या आहेत."

त्या सह्यांवर मी सात महिने काढले.

शेवटी कॉलेजनेच तिला हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान. तिने मुलीला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या मागच्या टोकाने उजव्या तळहातावर तीनचा आकडा काढला. डावा हात माझ्या हातात होता. मी खिशातून रुमाल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि तीन बोटं दाबली. परीक्षेत कॉपी पुरवत होतो मी, ह्या वयात.

"सात," मुलगी म्हणाली.

नंतर टेबलावर मूठ, हाताची कड, तळवा, असं ओळीने करायचं होतं. मी माझ्या मांडीवर केलं, सहज जमलं. तिने मूठ ठेवली, तळवा ठेवला, पुन्हा मूठ, आणि हात दुसऱ्याचा असल्यासारखी त्याच्याकडे बघत बसली.

डॉक्टर म्हणाली, डोळे, कान, नाक आपलं काम करताहेत. आलेलं सगळं जुळवण्याचं मेंदूचं काम घसरतंय. नुसत्या ह्यावरून काही ठरत नाही. पण भिंतीपलीकडून एक माणूस दिवसभर आपल्याबद्दल बोलतो, असं मुलीने तिला सांगितलं होतं. आम्हाला नव्हतं सांगितलं. डॉक्टरने आजाराचं नाव उच्चारलं. स्किझोफ्रेनिया, सुरुवातीचा. औषध आजच सुरू करायचं.

मी घासाघीस केली. "आज नुसता 'ताण' लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा येतो, तेव्हा बघू."

"तीन महिने तुमचे नाही जाणार, तिचे जातील."

मी आणखी बोलणार होतो. मुलीने रुमालाखालून हात काढून घेतला.

"घ्या ना, बाबा," ती म्हणाली.

मी घेतलं.

आता औषध चालू आहे. एखाद्या सकाळी म्हणते, कॉफीचा वास आला. दुसऱ्या दिवशी येत नाही. चिडली तर ते आजाराचं, औषधाचं की माझ्याच रक्तातलं, मला समजत नाही. भिंतीपलीकडचा माणूस गेला का, हे विचारायचं की नाही, तेही समजत नाही.

पण त्या दोघांना मी सोडणार नाही. तिला चेहरे तुकड्यातुकड्याने दिसतात, हे मी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरला सांगितलं होतं. मग सही करताना 'हे माझं काम नाही, दुसरीकडे जा' एवढी एक ओळ तुम्हाला का लिहिता आली नाही? कानवाल्यानेही सांगावं. मला लेखी उत्तर हवंय, खाली सही करून.

आणि तिचा हात तर माझ्याच हातात होता, तरी मला कळलं नाही, त्याचं काय, हे विचारायचा हक्क फक्त तिचा आहे. तिने अजून विचारलेलं नाही. तिने विचारावं.